कंबर वाकेल त्याचं

शेंगांच्या रानात शिरायचं कधी, याचे नियम आजीला तोंडपाठ होते. भुईमूग काढून झाला, वेलांचे भारे बांधले, शेंगांची पोती भरून बैलगाडी बांधाबाहेर पडली की मगच. तोवर बांधावर बसून राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. मालकाच्या घरच्या बायका सगळं रान फिरून सुट्या शेंगा उचलत, तो फेरा आधी व्हायचा. त्यानंतर सरवा, म्हणजे मागं राहिलेलं वेचणं. खुरपं चालेल, कुदळ चालणार नाही. कुदळीनं बांध उकरला जातो आणि भांडण लागतं. शेजारी पीक उभं असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसायचं, म्हणजे कुणाच्या मनात संशय नको. आणि सांजेला घरी जाताना ओटी मोकळी सोडून चालायचं. लपवलेलं काही नाही, हे वाटेवरच्या माणसाला न विचारता दिसलं पाहिजे.

आजीचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. नदीकडची काळी जमीन मोठ्या घरांची. माळाकडची तांबडी, मुरमाड जमीन लहानांची. आजोबा तरुणपणीच गेले. वाट्याला आलेला माळाचा तुकडा गहाण पडला आणि सोडवायच्या आधीच गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईचे दिवस ते. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, आणि आजीच्या हिशेबात सगळ्या गोष्टी ‘राजाच्या वक्ताच्या’ किंवा ‘त्येच्या मागच्या’ अशा दोनच काळात घडलेल्या असत. सरव्याच्या गोष्टी बहुतेक राजाच्या वक्ताच्या. घरात तीन लेकरं, हाताला रोज काम नाही. दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत ती भुईमुगाच्या रानांमागून फिरत राहिली.

हे काम कसं चालतं ते तिनं मला चुलीपुढं बसून अनेकदा सांगितलं. भुईमुगाची शेंग जमिनीत आरीला धरून असते. काढणीच्या वेळी जमिनीत ओल असली तर वेल उपटला की शेंगा झुपक्यानं वर येतात, मागं फार काही राहत नाही. पण परतीचा पाऊस लवकर गेला, जमीन आवळली, की आऱ्या तुटतात आणि शेंगा मातीतच राहतात. म्हणजे ज्या वर्षी मालकाची काढणी वाईट, त्या वर्षी वेचणाऱ्यांचा सरवा चांगला. आजी हे सांगताना खाली बघायची. दुसऱ्याच्या नुकसानीवर आपली सुगी, हे तिला कधी आवडलं नाही, पण ते जसं होतं तसं ती सांगायची. पुढे त्याच रानात शाळूसाठी कुळव फिरला की दडलेल्या शेंगा पुन्हा वर यायच्या. मग कुळवाच्या मागं बायका, बायकांच्या मागं पोरं, पोरांच्या मागं कावळे. शेवटची पाळी उंदरांच्या बिळांची. उंदीर बिळात शेंगांचा साठा करतो. बीळ कुठं वळतं, कोठी कुठं असते, याची जाण असलेली एक म्हातारी गावात होती. ती काठीनं जमीन ठोकत जायची आणि पोकळ आवाज आला की खुरपं लावायची. निम्म्याच शेंगा काढायची. ‘त्येचंबी पोट हाय,’ म्हणायची.

दिवसभराच्या सरव्यात आजीला पदरभर शेंगा मिळायच्या, कधी त्याहून कमी. त्यातल्या निम्म्या फोडून, भाजून, कुटून भाकरीबरोबर कोरड्यासाला. बाकीच्या साठवून बाजाराच्या दिवशी कागलला. त्या पैशांत मीठ, मिरची, दिव्याचं तेल. एका वर्षी सरव्याच्या शेंगांमधून माझ्या वडिलांची पाटी आणि पहिलीचं पुस्तक आलं, हे अण्णा स्वतः सांगत.

‘चोरी वाटायची न्हाई का गं?’ असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. ती चिडली नाही. ‘चोरी कशी हुईल? रानात पडल्यालं रानाचं नसतंय आन् मालकाचंबी नसतंय. ज्येची कंबर वाकंल त्येचं. मी काय उभ्या पिकात गेलो न्हवतो,’ ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी अशा पुरुषासारख्या बोलतात, ‘मी गेलो, मी आलो’. त्या बोलण्यात तिचा ताठ कणा मला अजून ऐकू येतो.

पण नियम दोन्ही बाजूंना होते, आणि मला आज या दुसऱ्या बाजूचं अधिक महत्त्व वाटतं. बांधावर बायका बसल्या आहेत हे मालकाला दिसत असे. चांगला मालक आपल्या माणसांना फार बारकाईनं वेचू देत नसे. फेरा एकच. ‘असू द्या मागं’ असं तो म्हणायचा आणि तेवढ्यानं काम भागायचं. कुणी आभार मानत नसे, कुणी दान दिल्याचा तोरा मिरवत नसे. जो मालक दोनदोन फेरे करवून घ्यायचा, त्याचं नाव गावात निघायचं, त्याच्या रानात कामाला माणूस लवकर मिळायचा नाही. आजीच्या सांगण्यात गावातले सावकार, पाटील, कुळकर्णी त्यांच्या जमिनीवरून ओळखले जात नसत. कुणाच्या रानात सरवा कसा मिळायचा, यावर तिची माणसांची पारख होती.

चातुर्मासात देवळात पोथी लागायची. त्यात महाभारतातली मुंगसाची गोष्ट यायची, आश्वमेधिक पर्वातली. कुरुक्षेत्रावर एक ब्राह्मण राहत होता. शेतात पडलेले दाणे वेचून त्यावर त्याचं, बायकोचं, मुलाचं आणि सुनेचं पोट चालायचं. दुष्काळ पडला. कितीतरी दिवसांनी थोडे जव मिळाले, त्याचं सातूचं पीठ केलं, चौघांनी वाटून घेतलं आणि इतक्यात दारी पाहुणा आला. एकेकानं आपापला वाटा त्याला दिला. सांडलेल्या त्या पिठात लोळलेल्या मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं सोन्याचं करायला ते मुंगूस धर्मराजाच्या अश्वमेधाला आलं, यज्ञाच्या जागी लोळलं आणि एक केसही बदलला नाही. आजीला ही गोष्ट फार प्रिय होती. ती सांगताना चौघांपैकी सुनेच्या वाट्यापाशी थांबायची, कारण भुकेल्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि तिनंही दिलं. त्या वेचून जगण्याला शास्त्रात उञ्छवृत्ती असं भारदस्त नाव आहे आणि ते तपाच्या बरोबरीचं मानलं आहे. माझ्या मनात मात्र पुढं एक प्रश्न घर करून राहिला. पोथीतला वेचणारा ऋषितुल्य ठरला. माळावर वेचणाऱ्या माझ्या आजीला कुणी तपस्विनी म्हटलं नाही. आणि तिच्याही पलीकडे, गावकुसाबाहेर, आणखी काही बायका होत्या.

त्यांची बाजू मला आजीकडून कळली नाही. ती कळली त्याच गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. वयानं माझ्या आईएवढ्या. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्यांची आई आणि माझी आजी एकाच शिवारात वेचायला जात. बाई म्हणाल्या, ‘तुझी आजी मळ्यातनं यायची, आमची आई वेशीबाहेरनं. तुझ्या आजीला मालकीण कधी तांब्यानं पाणी द्यायची. आमच्या आईला ओंजळीत, वरनं. सरवा एकच, पण बसायची जागा वेगळी.’

मग त्यांनी खळ्याची गोष्ट सांगितली. मळणी झाली, धान्य वाऱ्यावर दिलं, रास भरली, की खळ्याच्या तळाशी माती, खडे, भुसकट आणि दाणे यांचं मातेरं उरतं. ते महारवाड्याच्या हक्काचं. बाहेरून बघताना हेही सरव्यासारखंच दिसेल. पण सरव्याला माझी आजी आपल्या पायानं जायची आणि नको वाटलं तर घरी राहायची. मातेऱ्याच्या मागं वतन होतं, आणि वतनाच्या मागं वर्षभर, दिवसरात्र, कुणीही हाक मारली की करायची कामं होती. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, सरकारी माणसाचं ओझं वाहा. त्याच्या बदल्यात खळ्याचा तळ आणि दारातली शिळी भाकरी. ‘आमची आजी ते मातेरं नदीवर धुवायची. दाणे खाली बसतात, माती वाहून जाते. तरी भाकरीत खडा यायचाच. त्याला लोक हक्क म्हणायचे,’ बाईंनी सांगितलं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महार वतन मोडलं, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावं लागतं. जमिनी रयतावा करून दिल्या आणि त्या बदल्यातली वेठ बंद केली. मुंबई राज्यात तसा कायदा व्हायला १९५८ उजाडावं लागलं. मार्च १९२० मध्ये २१ आणि २२ तारखेला कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा तिशीच्याही आतले. आणि महाराज स्वतः तिथं आले. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. बाईंचे आजोबा त्या परिषदेला पायी गेले होते, असं त्यांच्या घरात सांगतात. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळं-उष्टं सोडायला सांगितलं. हे नुसतं खाण्यापिण्याचं सांगणं नव्हतं. ज्याच्यापुढे सतत टाकलेलंच येतं, त्यानं ते नाकारावं, मग भूक का पडेना, असं ते सांगणं होतं.

‘छप्पन सालानंतर आईनं कुणाच्या रानात सरवा वेचला नाही. धम्म घेतला त्या वर्षी शेंगा भरपूर होत्या. बायका बोलवायला आल्या. आई म्हणाली, मी रोजगारानं येईन, वेचायला येणार नाही,’ बाई सांगत होत्या. आणि त्या वर्षी घरात काय खाल्लं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘कमी खाल्लं.’

आजीच्या गोष्टी मी इतकी वर्षं ज्या ओढीनं ऐकल्या, त्यांच्याशेजारी ही गोष्ट ठेवल्याशिवाय मला सरव्याबद्दल लिहिता येत नाही. मागं ठेवणं आणि टाकून देणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर वेचणाऱ्याला जसं नेमकं कळतं तसं ठेवणाऱ्याला किंवा टाकणाऱ्याला कळत नाही.

मग ऊस आला. कोल्हापुरात ऊस नवा नव्हता. गुळासाठी तो जुनाच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी गुळाच्या व्यापारासाठीच होती. कसबा बावड्यात साखर कारखानाही १९३० च्या दशकात उभा राहिला. पण आजीच्या गावच्या माळावर ऊस चढला तो फार पुढे. आधी नदीवर इंजिनं, मग विजेच्या मोटारी, मग काळम्मावाडीच्या धरणाचं पाणी; बिद्रीचा कारखाना, कागलचा कारखाना. दहा-वीस वर्षांत तांबडा माळ हिरवा झाला. हे भल्याचंच झालं, त्यात मला शंका नाही. ज्या घरांत पाटीसाठी शेंगा विकाव्या लागत होत्या, तिथली मुलं इंजिनिअर झाली ती उसाच्या बिलावर. पण त्या हिरव्या रानात वेचायला काही उरलं नाही.

इंग्लंडमध्ये १७८८ साली एका खटल्यात निकाल लागला. सफोक परगण्यातली मेरी हॉटन नावाची बाई कापणीनंतरच्या शेतात दाणे वेचायला गेली होती, जमीनमालकानं तिच्यावर दावा लावला. वेचणं हा गरिबाचा कायदेशीर हक्क नाही, असं न्यायाधीशांनी बहुमतानं ठरवलं. आमच्या शिवारात असा कुणी निकाल दिला नाही, कुणी कुणाला हाकललं नाही. पीक बदललं आणि रीत आपोआप संपली. बांधावर येऊन बसणं एका वर्षी कमी झालं, दुसऱ्या वर्षी आणखी कमी, आणि कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

उसाचा सरवा का नसतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ऊस तुटला की मोळ्या बांधून वाहनात जातो, बुडख्याला पुन्हा पाणी देऊन खोडवा धरतात. पाचट पूर्वी पेटवून देत, आता सरीत कुजवतात. कारखान्यात रस निघाला की चोथा बॉयलरमध्ये जातो आणि त्यावर वीज तयार होते. मळीपासून मद्यार्क आणि इथेनॉल. रस गाळून राहिलेल्या गाळाचं खत होऊन परत शेतात. म्हणजे कारखाना आपला सरवा आपणच वेचतो, अगदी शेवटच्या कणापर्यंत. वाया काही जाऊ न देण्याची ही हातोटी कौतुकाची आहे. पण बांधावर बसलेल्या बाईसाठी त्यात फेरा उरत नाही.

गुऱ्हाळाची गोष्ट वेगळी होती. तिथं वाटसरूनं यावं, रस प्यावा, काकवी मागावी, गरम गूळ पानावर घ्यावा, गुळव्या नाही म्हणायचा नाही. चुलवाणातली राख भांडी घासायला आणि वाफ्यात टाकायला गावातल्या बायका टोपल्यानं नेत. आमच्या लहानपणी कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागं पोरं पळायची. रस्त्यावर पडलेलं कांडं उचललं तर आजी काही बोलायची नाही. मोळीतून ओढून काढलं असेल तर मात्र परत टाकून यायला लावायची, गाडी निघून गेलेली असली तरी.

एक वाडं तेवढं राहिलं. उसाच्या शेंड्याकडची हिरवी पानं. तोडणीला बीडकडून आलेल्या टोळ्या, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवसभर तोडतात आणि संध्याकाळी बायका वाड्याच्या पेंढ्या रस्त्याकडेला मांडून बसतात. म्हशीवाले घेऊन जातात. गोकुळ दूध संघ १९६३ साली निघाला, तेव्हापासून घराघरात म्हशी वाढल्या आणि वाड्याला गिऱ्हाईक पक्कं झालं. मुकादमाची उचल फेडण्यात तोडणीची मजुरी जाते. हातात रोख खेळते ती वाड्याची, आणि ती बाईच्या हातात असते. आता काही रानांत मालकही वाड्यात वाटा मागतो. ते मला सरळ चुकीचं वाटतं. दोन फेरे करवून घेणाऱ्या मालकांची आजीनं सांगितलेली नावं मला अशा वेळी आठवतात.

शहरात सरव्याचं रूप निराळं. अण्णा शाळेत असताना सुटीत कोल्हापूरला नातलगाकडे राहून गुजरीतल्या एका पेढीवर निरोप्याचं काम करत. अंबाबाईच्या देवळाजवळचा हा सोनारांचा बाजार. पहाटे दुकानं उघडायच्या आधी त्या गल्लीत झारेकरी यायचे. हातात बारीक झाडू आणि सुपडं. दुकानांच्या पायऱ्या, फरशांच्या फटी, गटाराचं तोंड, सगळीकडची धूळ ते हळूहळू ओढून गोळा करत. साज, ठुशी, चिताक घडवताना कानशीनं सोन्याचा कीस उडतो. काही कारागिराच्या कपड्याला, केसांना लागतो, काही पायाबरोबर बाहेर येतो. दुकानातली धूळ मालक स्वतः साठवून ठेवी, हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नसे. बाहेरच्या रस्त्यावरची धूळ झारेकऱ्यांची.

अण्णा एकदा त्यांच्या मागोमाग गेले. नाल्याच्या काठी धुळीचे ढीग होते. लाकडी परातीसारख्या भांड्यात धूळ घ्यायची, पाणी घालून गोल फिरवत राहायचं. माती वरून वाहून जाते, तळाशी काळी जड रेती राहते. त्यात पारा घालून मळायचं. पारा सोन्या-चांदीचे कण ओढून घेतो. मग फडक्यातून पिळायचं, उरलेला गोळा आगीवर धरायचा; पारा उडून जातो. तेजाबात टाकलं की चांदी विरघळते आणि तळाला सोनं. हा पाऱ्याचा धूर माणसाची फुफ्फुसं आणि मेंदू पोखरतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अण्णांना आठवत होतं ते एवढंच, की त्या घरातल्या कर्त्या माणसाचे हात सारखे थरथरत आणि तरी परात फिरवताना एक थेंब इकडचा तिकडे होत नसे.

१९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी जीव दिले. सोनारांच्या हालांची तेव्हा चर्चा तरी झाली. पायऱ्यांवर धूळच पडेना तेव्हा झारेकऱ्यांनी काय केलं, याची नोंद मला कुठं सापडली नाही. अण्णा म्हणायचे, त्यातले काही पुढं उद्यमनगरात दिसले.

ते मला पटतं, कारण काम तेच होतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या भंगारावर उभ्या राहिल्या. मोडकं बीड भट्टीत वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, इंजिनाचे भाग काढायचे. इचलकरंजीच्या मागांवरचं वाया गेलेलं सूत मिस्त्रीच्या हातात वंगण पुसायला. साच्याची जळकी वाळू ढिगानं बाहेर टाकली जाते आणि तिच्यात बिडाचे थेंब, चिप्पा, खिळे राहतात. एका ओतशाळेमागच्या ढिगावर मी बायकांना वाळू चाळताना पाहिलं आहे. एकीनं फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधला होता आणि ती तो वाळूवरून ओढत चालली होती. थोड्या थोड्या वेळानं थांबून त्याला चिकटलेले तुकडे खरवडून डब्यात टाकायची. माळावर आजीची चाल अशीच असणार, चार पावलं आणि खाली वाकणं.

आज वेचणाऱ्या सगळ्यांत जास्त बायका आहेत त्या कचऱ्यात. पहाटे राजारामपुरीत, शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत खांद्यावर पोतं घेऊन निघालेल्या. लाईन बाजारकडच्या झूम प्रकल्पावरच्या कचऱ्याच्या डोंगरात. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, तार, दुधाच्या पिशव्या. त्या जे उचलतात ते परत कारखान्यात जातं, आणि ते वाहून न्यायचा, पुरायचा खर्च महापालिकेचा वाचतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि या कामाला प्रथम काम म्हणून ओळखपत्र मिळालं. कोल्हापुरात ‘अवनि’ आणि ‘एकटी’ या संस्थांनी अशा बायकांना एकत्र आणलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द आला आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली. कागदावर हे मोठं पाऊल आहे. गल्लीत मात्र घंटागाडी येते, सगळा कचरा एकत्र उचलते आणि निघून जाते. कोंडाळं गेलं, रस्ता स्वच्छ झाला, हे चांगलंच. पण ज्या बाईचा त्या कोंडाळ्यावर वीस वर्षांचा वावर होता, तिला कुणी विचारलं नाही. मेरी हॉटनला निदान न्यायालयात बोलावलं होतं.

महापूर २०१९ साली ऑगस्टमध्ये आला तेव्हा कोल्हापूर पाण्यात होतं, आणि पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती घरांमधून काढलेल्या सामानाचे ढीग लागले. गाद्या, धान्य, वह्या, टीव्ही, कपाटांची दारं, सगळं चिखलात. त्या ढिगांवर पहिले हात पडले ते सफाई कामगारांचे आणि या बायकांचे, ज्यांच्यापैकी कितीतरींची घरंही त्याच पाण्यात होती. आमच्या ओळखीच्या एक मावशी तेव्हा दिवसभर वेचत होत्या. ढिगात सापडलेल्या लग्नाच्या फोटोंचा एक अल्बम त्यांनी चिखल पुसून जवळच्या किराणा दुकानात नेऊन ठेवला. मालक सापडेल म्हणून. भंगारात त्याचे पैसे आले नसते, पण म्हणून त्यांनी तो दुकानात नेला असं मला वाटत नाही. ती वस्तू टाकलेली नाही, पाण्यानं ओढून आणलेली आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

परवा त्याच मावशींशी बोलत बसले होते. आजीचे नियम त्यांना सांगितले, गाडी बांधाबाहेर गेल्याशिवाय शिरायचं नाही वगैरे. त्यांना ते लगेच कळले. त्यांच्याही गल्ल्या ठरलेल्या आहेत, एकीच्या गल्लीत दुसरी जात नाही, आजारी असेल तर तिच्या मुलीला जाऊ देतात. त्यांच्या उजव्या तळव्यावर जुन्या जखमेचा लांब वण आहे. बंद पिशवीत फुटलेला आरसा होता. सात टाके पडले आणि त्या दिवसांत पोतं उचलता आलं नाही. मी लिहिते हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी सांगितलं, तुमच्या लिहिण्यात एवढं घाला: काच फुटली तर वेगळ्या कागदात गुंडाळा, वरनं दोरा बांधा आणि पेनानं ‘काच’ असं लिहा.

‘लिहिलं तर दिसंल का तुम्हाला, अंधारात?’ मी विचारलं.

‘पयल्या दिव्याखाली बघतो की आम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘आन् वाचाय येतंय आता. पोरीनं शिकवलंय.’